अंदाज बरोबर, विजेता चुकीचा : नॅसकारच्या भाकीत-स्पर्धांचा इतिहास

१९ जून १९४९. अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलिना राज्यातील शार्लट येथे पाऊण मैलाच्या मातीच्या ट्रॅकवर २०० फेऱ्यांची शर्यत झाली. ग्लेन डनवे याची फोर्ड मोटार दुसऱ्या क्रमांकापेक्षा तब्बल ३ फेऱ्यांनी पुढे राहून आली. प्रेक्षक विजेत्याचे नाव घेतच घरी परतले. नंतर तपासणी झाली. मोटारीच्या मागच्या स्प्रिंगमध्ये फेरफार आढळला आणि विजय जिम रोपर या कॅन्ससच्या चालकाला देण्यात आला.

ही शर्यत साधीसुधी नव्हती. आज नॅसकारची सर्वोच्च मालिका म्हणून जी ओळखली जाते, तिची ही पहिलीच शर्यत. स्प्रिंगमधला तो फेरफारही त्या प्रदेशाच्या ओळखीचा होता. हातभट्टीची दारू चोरून नेणाऱ्या मोटारी ओझ्याने मागे दबू नयेत, म्हणून हीच युक्ती केली जाई. मोटारीचा मालक न्यायालयात गेला आणि हरला. नियम करण्याचा आणि ते पाळायला लावण्याचा संघटनेचा अधिकार मान्य झाला.

आता कल्पना करावी, की त्या दिवशी एखाद्याने मित्रांशी डनवेच्या नावावर पैज लावली होती. तो जिंकला की हरला? स्टॉक कार शर्यतींच्या हंगामभर चालणाऱ्या भाकीत-स्पर्धांचे सारे नियम या एका प्रश्नाभोवती फिरतात.

या स्पर्धांचे सर्वांत साधे रूप म्हणजे टोपीत चिठ्ठ्या टाकून प्रत्येकाने एक चालक उचलणे. ती निव्वळ सोडत. ‘कोण जिंकेल?’ असे दर आठवड्याला विचारणे ही पुढची पायरी. खरी रंगत येते ती हंगामभराच्या हिशेबात. सहभागी व्यक्ती प्रत्येक शर्यतीपूर्वी चालक निवडते, त्या चालकाला मिळालेले गुण तिच्या खात्यात जमा होतात आणि हंगामाअखेर बेरीज होते. संगणकापूर्वीच्या काळात हे काम वर्तमानपत्रातला निकाल आणि वही-पेन्सिल घेऊनच करावे लागे.

म्हणूनच अधिकृत गुणपद्धती बदलली की चाहत्यांचा खेळही मुळापासून बदलतो. १९७५ साली बॉब लॅटफर्ड यांनी आखलेला तक्ता लागू झाला. तो डेटोनातील एका मद्यालयात कागदी रुमालावर लिहिला गेला, अशी आख्यायिका आहे. पहिल्याला १७५, दुसऱ्याला १७०, सहाव्यापर्यंत पाच-पाचने उतार, अकराव्यापर्यंत चार-चारने, पुढे तीन-तीनने. एक जरी फेरी आघाडीवर काढली तरी ५ गुण जादा आणि सर्वाधिक फेऱ्या आघाडीवर काढणाऱ्याला आणखी ५.

या तक्त्यातली मेख आकडे मांडल्यावर कळते. ४३ मोटारींच्या शर्यतीत शेवटच्यालाही ३४ गुण मिळत. समजा, एक चालक एक शर्यत जिंकला आणि पुढच्या शर्यतीत शेवटचा आला. त्याचे गुण फार तर १८५ अधिक ३४, म्हणजे २१९. दुसरा चालक दोन्ही वेळा निमूटपणे दहावा आला. त्याचे गुण १३४ अधिक १३४, म्हणजे २६८! अशा तक्त्यावर चालणाऱ्या स्पर्धेत विजेता ओळखणाऱ्यापेक्षा न बिघडणारी मोटार ओळखणारा पुढे जातो. २००३ साली मॅट केन्सेथ हंगामात एकच शर्यत जिंकून विजेता ठरला, तर ८ शर्यती जिंकणारा रायन न्यूमन सहावा राहिला. पुढच्याच वर्षी शेवटच्या १० शर्यतींसाठी गुण नव्याने मांडण्याची पद्धत आली.

परंतु लॅटफर्डच्या तक्त्याला कंटाळवाणा म्हणणाऱ्यांनी १५ नोव्हेंबर १९९२ ची अटलांटाची शर्यत आठवावी. हंगामाची ती शेवटची लढत. रिचर्ड पेटीची अखेरची शर्यत आणि जेफ गॉर्डनची सर्वोच्च मालिकेतील पहिली, असा योगही त्याच दिवशी जुळून आला होता. विजेतेपदाची गणिती शक्यता ६ चालकांपुढे होती. बिल एलियट शर्यत जिंकला, ॲलन कुलविकी दुसरा आला. तरीही विजेतेपद कुलविकीला मिळाले, १० गुणांनी. कारण कुलविकीने १०३ फेऱ्या आघाडीवर काढल्या होत्या, एलियटने १०२. त्यातली एकच फेरी कुलविकीऐवजी एलियटच्या नावे गेली असती, तर एकाचे ५ वाढून आणि दुसऱ्याचे ५ घटून दोघे बरोबरीत आले असते आणि हंगामात अधिक शर्यती जिंकल्यामुळे मान एलियटला मिळाला असता. बरोबरी कशी सोडवायची हे हंगामाआधीच लिहून ठेवावे लागते, ते याचसाठी.

चाहत्यांच्या स्पर्धेत आणखी एक अडचण येते. दर आठवड्याला सगळेच त्याच बलाढ्य चालकाला निवडू लागले तर चुरस उरत नाही. त्यावरचा उपाय म्हणजे एका चालकाला हंगामात ठरावीक वेळाच निवडता येईल अशी मर्यादा. सर्वांत कठोर प्रकारात तर एक चालक एकदाच. २०१६ पासून हंगामभराच्या प्रवेशाची हमी असलेल्या मोटारी ३६ आणि गुणांच्या शर्यतीही ३६. म्हणजे या प्रकारात जवळजवळ प्रत्येकाला कधीतरी खर्ची घालावेच लागते. मग जाणकार खेळाडू डेटोना आणि टॅलाडेगाकडे वळतो. १९८७ मध्ये टॅलाडेगाला बॉबी ॲलिसनची मोटार कुंपणावर आदळली. त्यानंतर १९८८ पासून या दोन ट्रॅकवर इंजिनाची हवा रोखणारी पट्टी सक्तीची झाली. सगळ्यांचा वेग सारखा झाला, मोटारी घोळक्याने धावू लागल्या आणि एका धडकेत डझनभर मोटारी बाद होऊ लागल्या. दुबळा चालक खर्चावा तर इथेच.

या हिशेबावर कळस चढवला तो २० फेब्रुवारी २०११ च्या डेटोना ५०० ने. आदल्याच दिवशी २० वर्षांचा झालेला ट्रेव्हर बेन सर्वोच्च मालिकेतली आपली दुसरीच शर्यत धावत होता, आणि जिंकला. ज्या कोणी त्याचे नाव लिहिले असेल, त्याची छाती अभिमानाने फुलली असेल. पण त्या वर्षापासून प्रत्येक चालकाला कोणत्या तरी एकाच मालिकेत गुण मिळवता येणार होते, आणि बेनने दुय्यम मालिका निवडली होती. सर्वोच्च मालिकेत त्याचे गुण : शून्य. अधिकृत तक्ता जसाच्या तसा वापरणाऱ्या स्पर्धेत हंगामातला सर्वांत धाडसी अंदाज शून्य मोलाचा ठरतो. ‘विजेता म्हणजे गुण’ असे गृहीत धरणाऱ्या नियमपत्रिकेला हा चांगलाच दणका होता.

याच्या उलट घडले होते २००७ साली, दुय्यम मालिकेत. मिलवॉकीच्या शर्यतीत ॲरिक ॲल्मिरोलाने मोटार सुरू केली, मध्येच त्याला उतरवून डेनी हॅमलिनला बसवले आणि हॅमलिनने रेषा प्रथम ओलांडली. नियम मात्र सांगतो, की शर्यत सुरू करणाऱ्याच्या नावे निकाल. विजय ॲल्मिरोलाचा.

आणि हा सारा उद्योग जुगारात मोडतो का? अमेरिकेच्या २००६ च्या ऑनलाइन जुगारविरोधी कायद्याने अशा काल्पनिक संघांच्या स्पर्धांना सवलत दिली ती अटींवर : बक्षीस आधी जाहीर हवे, निकाल ज्ञान-कौशल्यावर हवा आणि तो अनेक प्रत्यक्ष सामन्यांतील कामगिरीवर ठरायला हवा. ३६ शर्यतींची स्पर्धा यात सहज बसते. एकाच शर्यतीवर बेतलेली स्पर्धा मात्र अडखळते, कारण मैदानात ४० चालक असले तरी सामना एकच. २००७ च्या एका बेसबॉल खटल्यात अमेरिकी अपील न्यायालयाने खेळाडूंची नावे आणि आकडे अशा स्पर्धांना वापरू दिले. भारतातल्या वाचकांना कौशल्य आणि नशीब यांतला हा भेद नवा नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्ये, मुंबई राज्यातून उभ्या राहिलेल्या चमारबागवाला यांच्या शब्दकोडे-प्रकरणात, तो स्पष्ट केला होता.

आता पुन्हा डनवेच्या प्रश्नाकडे. १९६० साली एका विजेत्याला पेट्रोलची टाकी नियमापेक्षा मोठी निघाल्याने बाद केले गेले. त्यानंतर दशकानुदशके संघटनेचा कल असा राहिला, की प्रेक्षकाने मैदान सोडताना जो विजेता पाहिला तोच कायम राहावा. ऑक्टोबर १९८३ मध्ये शार्लटला रिचर्ड पेटीचे इंजिन मर्यादेपेक्षा मोठे आणि टायर चुकीच्या बाजूला लावलेले निघाले. दंड ३५,००० डॉलर, कपात १०४ गुणांची, पण विजय अबाधित! त्याच्या २०० विजयांतला तो १९८ वा. भाकीत-स्पर्धेच्या संयोजकाने अशा वेळी चाहत्याचे १०४ गुण कापायचे का? अंदाज तर अचूक होता.

२०१९ मध्ये धोरण बदलले. नियमभंग आढळल्यास विजय काढून घेतला जाईल, असे जाहीर झाले. २४ जुलै २०२२ रोजी पोकोनोला हॅमलिन पहिला आणि काइल बुश दुसरा आला. तपासणीत मोटारींच्या पुढच्या भागावर नियमबाह्य पट्टी आढळली आणि दोघेही बाद झाले. तिसरा आलेला चेस एलियट, म्हणजे १९९२ च्या बिल एलियटचा मुलगा, विजेता ठरला.

चेसने त्या दिवशी एकही फेरी आघाडीवर काढली नव्हती. लॅटफर्डच्या जुन्या तक्त्यात विजेत्याला आघाडीचे ५ गुण आपोआप मिळत, कारण शेवटची रेषा ओलांडताना तो पुढे असणारच. जी स्पर्धा अजून त्या तक्त्यावर चालते, तिच्या संयोजकाने त्या संध्याकाळी चेसच्या नावापुढे १८० लिहायचे होते की १७५?