प्लास्टरचं कूळ

हाड मोडलेलं नाही, घोटा मुरगळलेला नाही, तरी मधुमेहाच्या पेशंटच्या पायाला थेट गुडघ्याखालपर्यंत प्लास्टर घालतात. तेही तळव्यावरच्या उघड्या जखमेवर. घरची माणसं चक्रावून जातात. जखम म्हटली की रोज ड्रेसिंग, रोज मलम, थोडी हवा लागू द्यायची, ही आपली रीत. इथे डॉक्टर आठवडाभरासाठी जखम बंदच करून टाकतात, आणि वर सांगतात की जपून का होईना, याच पायावर चाला.

या प्लास्टरचं नाव टोटल कॉन्टॅक्ट कास्ट. दवाखान्यात नुसतं टीसीसी म्हणतात. मोडलेल्या हाडाच्या प्लास्टरमध्ये कापसाचे जाड थर असतात. यात कापूस जवळजवळ नाहीच. जखमेवर पातळ गॉझ, बोटांभोवती फोम, नडगी आणि दोन्ही घोट्यांवर फेल्टची पट्टी, आणि मग ओलं प्लास्टर थेट पायाच्या आकारावर. ते तळव्याच्या कमानीत दाबून बसवायचं असतं, तेही तळहाताने. हाताच्या बोटांची टोकं टेकवायची नाहीत, कारण बोटाचा एक खळगा आत राहिला तर काही दिवसांत तिथेच दुसरी जखम तयार होते. शेवटी खाली चालण्यापुरती एक टाच. नीट जमलं तर चवड्यावरच्या एका हाडाखाली एकवटणारा भार अख्ख्या तळव्यावर पसरतो. पोटरी वर रुंद, खाली निमुळती, त्यामुळे पाय नरसाळ्यात बसावा तसा प्लास्टरमध्ये बसतो आणि वजनाचा बराचसा वाटा, मोजमापांनुसार तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास, प्लास्टरच्या भिंतींवर जातो. घोटा जखडलेला असल्याने पावलंही आपोआप आखूड पडतात.

आज मधुमेहाच्या पायावरचा हा अव्वल उपाय मानला जातो. त्याचा जन्म मात्र मधुमेहाच्या दवाखान्यातला नाही. तो कुष्ठरोग्यांच्या वस्तीतला आहे.

तळव्याला आरपार भोक पडावं तशी, न दुखणारी जखम एकोणिसाव्या शतकातल्या डॉक्टरांच्या चांगल्या ओळखीची होती. लंडनच्या फ्रेडरिक ट्रीव्ह्ज यांनी 1884 साली तिच्या उपचारावर लिहिलं: कडेचा जाड घट्टा कापून काढा आणि पेशंटला झोपवून ठेवा. 1887 साली टी. डेव्हिस प्राइस यांनी दोन्ही पायांना अशा जखमा असलेल्या एका मधुमेही पेशंटची नोंद छापली. म्हणजे दुवा तेव्हाच सापडला होता. पण त्या काळात मधुमेही माणूस सहसा इतका जगतच नसे, की पायाच्या नसा बधिर होऊन त्याला त्याची झळ बसावी. 1922 मध्ये इन्सुलिन आलं, माणसं जगायला लागली, आणि मग पाय सडायला लागले. 1934 मध्ये बोस्टनचे एलियट जॉस्लिन मधुमेही गँगरीनच्या संकटावर लिहीत होते, ते याच नव्या दीर्घायुष्याचं बिल होतं.

प्लास्टरची पट्टी हॉलंडच्या लष्करातल्या अँटोनियस मॅथिसन यांची, 1850च्या सुरुवातीची. ती हाडांसाठी होती. जखमेवर प्लास्टर घालून ती दडपून ठेवायची, ही कल्पना पुढे अमेरिकेचे विनेट ऑर आणि स्पेनच्या यादवी युद्धातले जोसेप त्रुएता यांनी धडाडीने वापरली. पण बधिर तळव्याच्या जखमेवर प्लास्टर घालून पेशंटला चालवायचं, हे धाडस दक्षिण आशियातलं. जोसेफ खान यांनी भारतातल्या कुष्ठरोग्यांवरचा आपला अनुभव 1939 साली ‘लेप्रसी इन इंडिया’ या नियतकालिकात मांडला. कोलंबोचे सर्जन मिलरॉय पॉल हेही त्या काळात कुष्ठरोग्यांच्या पायाला असंच प्लास्टर घालत होते. दोघांपुढची अडचण एकच होती. कुष्ठरोग्याला महिनोन्‌महिने खाटेवर झोपवणं परवडत नव्हतं, ना त्याला, ना दवाखान्याला. पोटासाठी हिंडणाऱ्या माणसाला चालू नको सांगून काय उपयोग? मग चालतच बरं होईल असं काहीतरी हवं होतं.

यातून शास्त्र उभं केलं ते पॉल ब्रँड यांनी. जन्म 1914 चा, तामिळनाडूतल्या कोल्ली डोंगरातला, मिशनरी आईबापांच्या पोटी. इंग्लंडमध्ये आधी काही वर्षं बांधकाम आणि सुतारकाम शिकले, मग डॉक्टरकीकडे वळले. मला वाटतं, पुढचं सगळं त्या सुतारकीतून आलं. भार कुठून कुठे जातो हा प्रश्न सर्जनच्या आधी सुताराला पडतो. 1946 मध्ये ते वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले आणि कुष्ठरोग्यांच्या वाकड्या हातांवर शस्त्रक्रिया करू लागले. तोवर सार्वत्रिक समज असा, की कुष्ठरोगात मांस आपोआप झडतं, बोटं आपोआप गळतात. ब्रँडना ते पटेना. शस्त्रक्रियेच्या जखमा तर कुष्ठरोग्याच्याही इतरांसारख्याच भरून येत होत्या. मग बोटं जातात कुठे?

त्यांनी पाळत ठेवली. एकदा गंजलेलं कुलूप उघडेना. कुष्ठरोगी पोराने किल्ली घेतली आणि एका हिसड्यात फिरवली. ब्रँडनी त्याचा हात पाहिला, तर किल्लीने बोटाचं मांस हाडापर्यंत कापलं होतं, आणि त्याला पत्ताच नव्हता. काहींची बोटं रात्रीतून कमी व्हायची. शोध घेतला तेव्हा कळलं, झोपेत उंदीर कुरतडून जात होते. उपाय म्हणून पेशंटना मांजरं पाळायला दिली. हा रोग मांस खात नाही, तो वेदना खातो, आणि बाकीचं काम चुली, किल्ल्या, खिळे आणि चालणं करतं, इथवर ब्रँड आले ते अशा बारकाव्यांतून.

पायाचं कोडं अधिक अवघड होतं, कारण तिथे खिळाही नव्हता आणि उंदीरही. चांगल्या रस्त्याने चाललेल्या माणसाच्या तळव्यालाही जखम होत होती. ब्रँड पेशंटच्या पायावरून हात फिरवत, तेव्हा जखम व्हायच्या आधीच एखादी जागा गरम लागे. एकाच जागी, थोडाच पण हजारो वेळा पडणारा भार तिथलं मांस आतून सुजवतो. आपण धडधाकट माणसं दूर चालल्यावर नकळत लंगडतो, कडेवर भार टाकतो, थांबतो, चप्पल काढतो. ही सगळी वेदनेची करणी. बधिर पाय पहिल्या पावलासारखंच शेवटचंही पाऊल टाकतो. प्लास्टर हे त्या हरवलेल्या लंगडण्याच्या जागी होतं. जखमेवर औषध म्हणून नव्हे.

1966 मध्ये ब्रँड अमेरिकेत लुइझियाना राज्यातल्या कारव्हिलला गेले. मिसिसिपीच्या काठी तिथे कुष्ठरोग्यांचं सरकारी रुग्णालय होतं. दाबाचे, उष्णतेचे प्रयोग त्यांनी प्रयोगशाळेत नेले. उंदरांच्या पंजांवर तोच हलका दाब पुन्हा पुन्हा दिला, तर काही दिवसांत जखम होते, हे दाखवलं. हळूहळू अमेरिकी डॉक्टरांच्या लक्षात आलं, की आपल्याकडे कुष्ठरोगी मूठभर असले तरी असेच बधिर पाय लाखो मधुमेह्यांचे आहेत. वेल्लोरची विद्या तिथून मधुमेहाकडे वळली.

पण डॉक्टर पटापट नवं करत नाहीत, आणि करूही नये. पुरावा हवा. तो 1989 मध्ये मिळाला. सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या मायकेल म्यूलर आणि सहकाऱ्यांनी 40 पेशंटची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी दोन गटांत वाटणी केली. प्लास्टर गटात 21 पैकी 19 जखमा बऱ्या झाल्या, सरासरी 42 दिवसांत. रोज ड्रेसिंग करणाऱ्या गटात 19 पैकी 6 बऱ्या झाल्या, त्यांनाही सरासरी 65 दिवस लागले. त्या गटातल्या पाच जणांना जंतुसंसर्गामुळे रुग्णालयात दाखल व्हावं लागलं. प्लास्टर गटातून कुणालाही नाही. जखम बंद करून ठेवली तर आत चिघळेल, या भीतीला इतकं उघड उत्तर क्वचित मिळतं.

तोवर बाजारात काढ-घाल करता येणारे, पट्ट्यांचे उंच बूट आले होते. प्रयोगशाळेत मोजलं तर ते दाब प्लास्टरइतकाच कमी करत. मग प्लास्टरची कटकट कशाला? डेव्हिड आर्मस्ट्राँग आणि सहकाऱ्यांनी 2001 मध्ये 63 पेशंटवर तीन साधनं आजमावली. बारा आठवड्यांत प्लास्टरने सुमारे 90 टक्के, बुटाने 65 टक्के, आणि अर्ध्या तळाच्या चपलेने 58 टक्के जखमा बऱ्या झाल्या. दाब सारखा, गुण वेगळा. असं का?

उत्तर 2003 मध्ये सापडलं, आणि या सगळ्या इतिहासातला माझा आवडता प्रयोग तोच. 20 पेशंटच्या कमरेला हालचाल मोजणारं यंत्र बांधलं, दुसरं यंत्र थेट बुटात बसवलं. दोन्हींच्या नोंदी ताडून पाहिल्या. दिवसभरातल्या एकूण हालचालीपैकी फक्त 28 टक्के वेळा बूट पायात होता. बाहेर पडताना घालायचा, घरात आलं की काढून ठेवायचा. घरातल्या घरात काय होतंय! रात्री पाणी प्यायला उठणं, देवघर, संडास, गॅलरी, आणि प्रत्येक पावलाला तोच चवडा. पायाला दुखत असतं तर बूट काढलाच नसता.

मग 2005 मध्ये आर्मस्ट्राँग आणि सहकाऱ्यांनी तोच बूट घेतला आणि निम्म्या लोकांच्या बुटाभोवती पट्टी गुंडाळून टाकली, काढता येऊ नये म्हणून. बाकी काही बदललं नाही. 12 आठवड्यांत गुंडाळलेल्या गटात 83 टक्के बरे, मोकळ्या बुटाच्या गटात 52. प्लास्टरचा गुण त्याच्या साच्यात थोडा आणि तो काढता येत नाही यात जास्त, हे इतकं स्पष्ट झालं.

आता याहून विचित्र गोष्ट. 2008 मध्ये अमेरिकेतल्या सुमारे 900 उपचारकेंद्रांना विचारलं तेव्हा बहुतेक पेशंटना टीसीसी घालणारी केंद्रं 1.7 टक्के निघाली. घालायला वेळ लागतो, हात बसलेला लागतो, चुकलं तर प्लास्टरच जखम करतं. आपल्याकडे आणखी अडचणी आहेत. भारतीय पद्धतीच्या संडासात ताठ घोटा घेऊन बसायचं कसं, पावसाळ्यात प्लास्टर कोरडं ठेवायचं कसं, स्कूटर कोण चालवणार? या हरकती खोट्या नाहीत. रक्तपुरवठाच खालावलेला असेल किंवा आत पू झालेला असेल तर असं प्लास्टर घालूच नये, हेही खरंच. पण उरलेल्या पेशंटचं काय? महागडी मलमं आणि ड्रेसिंगं त्यांना सहज लिहून दिली जातात, भार मात्र तसाच राहतो. मधुमेही पायाविषयीच्या आंतरराष्ट्रीय कार्यगटाने 2019 मध्ये आणि पुन्हा 2023 मध्ये बजावलं, की बधिर तळव्याच्या अशा जखमेला पहिली पसंती गुडघ्यापर्यंतच्या, काढता न येणाऱ्या साधनालाच द्या.

कारव्हिलमधून आणखी एक वस्तू मधुमेहाकडे आली. तळव्याची संवेदना तपासायला डॉक्टर नायलॉनचा जो दहा ग्रॅमचा तंतू टेकवून बघतात, त्याचा मापदंड 1986 मध्ये तिथल्याच बर्क आणि सिम्स यांनी कुष्ठरोग्यांच्या आणि मधुमेह्यांच्या पायांवरून ठरवला. आणि कुष्ठरोग्यांसाठी दक्षिण भारतात घडवलेली मऊ मायक्रोसेल्युलर रबराची चप्पल आज आपल्याकडच्या दुकानांत ‘डायबेटिक चप्पल’ म्हणून मिळते. खोक्यावर मधुमेह मोठ्या अक्षरांत असतो, कुष्ठरोगाचं नाव कुठेच नसतं. ते छापलं असतं तर ती खपली नसती.