ओळखीच्या गोष्टीचे नवे खेळ : सांगलीकर नाटक मंडळीची वाटचाल

सांगलीकर नाटक मंडळीचा जन्म एका प्रेक्षकाच्या अभिप्रायातून झाला. 1842 मध्ये उत्तर कानडातल्या कर्की गावची भागवत मंडळी आपला खेळ घेऊन सांगलीत आली. खेळ कानडी, यक्षगानाच्या वळणाचा. पाहणाऱ्यांत संस्थानाचे अधिपती चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन होते. कथा पुराणातली, म्हणजे घरातलीच. मांडणी मात्र त्यांना ओबडधोबड वाटली. बिदागी देऊन मंडळींना निरोप दिला असता तरी रीत पाळली गेली असती. आप्पासाहेब तेवढ्यावर थांबले नाहीत. विष्णु अमृत भावे (पुढचे विष्णुदास) या आपल्या पदरच्या तरुणाला त्यांनी सांगितलं, की याच धर्तीचा पण यापेक्षा नेटका खेळ मराठीत बसव.

विष्णुपंत हाताचे कसबी होते. त्यांनी केलेल्या लाकडी बाहुल्या पुढे शब्दभ्रमकार रामदास पाध्ये यांनी दुरुस्त करून पुन्हा नाचवल्या. पदं रचण्याची हातोटीही होती. 5 नोव्हेंबर 1843 रोजी सांगलीच्या राजवाड्यात ‘सीतास्वयंवर’ झालं. आज हाच दिवस आपण मराठी रंगभूमी दिन म्हणून पाळतो.

या पहिल्या खेळात गोष्ट नवी नव्हती, याकडे आपलं पुरेसं लक्ष जात नाही. धनुष्य कोण मोडणार, हे राजवाड्यातल्या लहान मुलालाही माहीत होतं. पुढे विष्णुदासांनी पन्नासाहून अधिक आख्यानं रचली आणि तीही सगळी लोकांच्या तोंडपाठ कथांवर. ज्या पात्रांवर माणसांचा आधीच जीव जडलेला आहे, तीच पात्रं घेऊन नवा खेळ मांडायचा, एक आख्यान झालं की लोकांना पुढच्याची ओढ लावायची, असा हा व्यवहार. हल्ली आवडत्या कादंबरीतली माणसं घेऊन चाहते स्वतःच पुढच्या गोष्टी लिहितात, हप्त्याहप्त्याने वाचून त्यावर हिरीरीने बोलतात. सांगलीत हे पावणेदोनशे वर्षांपूर्वी झांजा-मृदंगाच्या साथीने चालत होतं.

खेळाचा थाट असा. आधी सूत्रधार मंगलाचरण म्हणायचा. मग रानटी वेषात विदूषक नाचत यायचा आणि सूत्रधाराशी त्याची जुगलबंदी व्हायची. गणपती येऊन आशीर्वाद द्यायचा, मागोमाग मोरावरची सरस्वती. एवढं झाल्यावर आख्यान सुरू. सगळ्या पात्रांची पदं सूत्रधारच गायचा, पात्रं हावभाव करायची आणि पद संपलं की त्याचा अर्थ आपापल्या बोलीत फुलवून सांगायची. राक्षस आले की राळेचा भपकारा उठायचा, आरोळ्यांनी मांडव दणाणायचा, तलवारींचा खणखणाट व्हायचा. त्या आरोळ्यांवरूनच पुढे या खेळांना ‘अलल्डुर्र’ नाटकं हे नाव चिकटलं.

यातली खरी कळीची गोष्ट म्हणजे गद्य संवाद लिहिलेले नव्हते. पदं तेवढी बांधलेली, बाकी सगळं नटाच्या समयसूचकतेवर. मग एखाद्या गावात विदूषकाच्या बोलण्याला हशा पिकला की ते बोलणं लांबणार. सीतेच्या शोकाने बायकामाणसांचे डोळे भरून आले की नट त्या जागेवर रेंगाळणार. लोक चुळबुळू लागले की पुढच्या पदाकडे वळणार. समोरच्या माणसाच्या चेहऱ्यावर लक्ष ठेवून गोष्ट पुढे न्यायची, हीच या मंडळीची तालीम होती. माझ्या मते सांगलीकरांच्या खेळाचा निम्मा लेखक समोर बसलेला प्रेक्षक होता. 1885 मध्ये विष्णुदासांचा ‘नाट्यकवितासंग्रह’ छापून आला, त्यात पदं आहेत. प्रेक्षकांनी लिहवून घेतलेला तो दुसरा निम्मा भाग छापखान्यापर्यंत पोचलाच नाही.

1851 मध्ये आप्पासाहेब वारले आणि मंडळीचा आश्रय सुटला. डोक्यावर कर्ज, बरोबर नटांचा बारदाना. विष्णुदासांनी मंडळी बाहेर काढली आणि गावोगाव खेळ करत 1853 मध्ये मुंबई गाठली. तिथे ग्रँट रोडच्या नाट्यगृहात तिकीट लावून खेळ झाले. माझ्या दृष्टीने मंडळीच्या वाटचालीतलं हे सर्वांत मोठं वळण आहे. दरबारात एकट्या धन्याची मर्जी सांभाळली की भागत होतं. आता तिकीट काढून आलेला कारकून, व्यापारी, पारशी शेट, विद्यार्थी असा प्रत्येक जण आपलं मत देणार होता. आवडलं तर दुसऱ्या दिवशी चार जणांना घेऊन येणार, नावडलं तर पेटी रिकामी. या नव्या प्रेक्षकाला मंडळीने दिलेलं उत्तरही मोठ्या मनाचं होतं. मुंबईत मराठी न समजणारे पुष्कळ, म्हणून त्यांनी ‘राजा गोपीचंद’ हा खेळ हिंदीत केला. सांगलीहून निघालेल्या मराठी मंडळीने हिंदी रंगभूमीच्या इतिहासात पाऊल ठेवलं ते असं, लोकांची गरज ओळखून.

1862 च्या सुमारास विष्णुदासांनी मंडळीतून अंग काढून घेतलं. 1901 मध्ये ते वारले. पण मधल्या काळात इचलकरंजीकर, आळतेकर, कोल्हापूरकर अशा मंडळ्या उभ्या राहिल्या होत्या आणि कृष्णा-पंचगंगेच्या पट्ट्यात नाटक हा गावाचा विषय झाला होता. शिकलेला वर्ग आता अलल्डुर्र नाटकांना नाकं मुरडू लागला. त्यांचं म्हणणं सगळंच चूक नव्हतं. त्याच त्या राक्षसांना लोक कंटाळलेही असतील. तरी ज्यांनी माणसांना तासन्‌तास एका जागी बसून, एकमेकांच्या देखत हसायला-रडायला शिकवलं, त्यांच्याविषयी हेटाळणीचा सूर मला सोसवत नाही. पुढच्या संगीत नाटकांचा ‘वन्समोर’ म्हणणारा प्रेक्षक आकाशातून पडला नाही.

सांगलीची ही रीत शेजारच्या साताऱ्यातही दिसते. तिथे 1881 मध्ये शाहूनगरवासी नाटक मंडळी निघाली. शाहूनगर हे साताऱ्याचंच जुनं नाव. कऱ्हाडजवळच्या टेंभू गावचे गोपाळ गणेश आगरकर यांनी ‘हॅम्लेट’चं ‘विकारविलसित’ केलं होतं. शेक्सपिअरचा तो राजपुत्र त्यात चंद्रसेन झाला आणि या मंडळीच्या गणपतराव जोशींनी त्याला असं उभं केलं, की तो आपल्याकडचाच वाटावा. दुसऱ्याची गोष्ट आपलीशी करून सांगण्याचा सांगलीचा जुना मार्ग इथे साता समुद्रापलीकडच्या कथेला लागू पडला. सांगलीजवळच्या हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल यांनी मात्र ‘शारदा’साठी शेजारच्या घरातली गोष्ट निवडली. म्हाताऱ्या नवरदेवाच्या गळ्यात बांधली जाणारी मुलगी 1899 मध्ये रंगभूमीवर आली, तेव्हा समोर बसलेल्यांत तशा मुलींचे बापही असणार.

आणि मग खाडिलकर. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचा जन्म सांगलीचा, 1872 चा. महाराष्ट्र नाटक मंडळीने 1907 मध्ये रंगभूमीवर आणलेलं त्यांचं ‘कीचकवध’ वरवर पाहता विष्णुदासांच्याच घराण्यातलं : महाभारतातली पात्रं, विराटाचा दरबार, द्रौपदीची विटंबना, शेवटी भीमाच्या हातून न्याय. नाटकात माजी व्हाइसरॉय लॉर्ड कर्झनचं नाव कुठेच नव्हतं. ते नाव प्रेक्षकांनी घातलं. कीचक म्हणजे कर्झन, द्रौपदी म्हणजे हा देश, सबुरी सांगणारा युधिष्ठिर म्हणजे मवाळ आणि भीम म्हणजे जहाल, हे कुणी फलक लावून सांगितलं नव्हतं. थिएटरातल्या माणसांनी एकमेकांकडे पाहून ओळखलं. 1910 मध्ये लंडनच्या ‘टाइम्स’ने या नाटकावर लिहिलं, तेव्हा रंगमंचाइतकंच लक्ष समोर बसलेल्या माणसांकडे दिलं. नाटक ऐकताना त्यांची अवस्था काय होते, याचं वर्णन इंग्रज वाचकाला भय वाटावं म्हणून केलं होतं. त्याच वर्षी सरकारने ‘कीचकवध’वर बंदी घातली. बंदी संहितेवर आली, पण सरकारला धास्ती होती ती श्रोत्यांच्या प्रतिसादाची. ओळखीच्या गोष्टीत किती दारू भरता येते, हे सांगलीच्या मातीतल्या लेखकाने आणि महाराष्ट्रातल्या प्रेक्षकाने मिळून दाखवलं.

‘सीतास्वयंवर’ला शंभर वर्षं झाली तेव्हा, 1943 मध्ये, सांगलीत रंगभूमीचा शतसांवत्सरिक उत्सव झाला. अध्यक्षस्थानी स्वातंत्र्यवीर सावरकर होते. ‘कीचकवध’चे खाडिलकर तेव्हा हयात होते. पुढे सांगलीत विष्णुदासांच्या नावाचं गौरवपदक सुरू झालं आणि त्याचे पहिले मानकरी बालगंधर्व ठरले. आजही 5 नोव्हेंबरला सांगलीत ते पदक दिलं जातं आणि त्या दिवशी नाटकवाल्यांना सांगलीचं बोलावणं येणं हा मान समजला जातो.

हे सगळं नटांचं आणि लेखकांचं झालं. ते व्हायलाच हवं. माझी सांगली-साताऱ्याच्या नाट्यसंस्थांना आणि वाचनालयांना एक मागणी आहे. प्रेक्षकांचंही दप्तर आता बांधायला घ्या. जुन्या घरांतल्या पत्रांत, रोजनिशांत, हिशेबाच्या वह्यांच्या कडेला कुणी ना कुणी लिहून ठेवलं असेल, की काल अमुक खेळ पाहिला, अमुक नट रंगला, घरी यायला पहाट झाली. आज ऐंशी-नव्वदीत असलेल्या आजी-आजोबांना विचारा, त्यांनी लहानपणी जत्रेत काय पाहिलं, कुठे रडले, कोणत्या पदाला पुन्हा पुन्हा दाद दिली. ते आवाजात टिपून ठेवा, तारीख आणि गाव घाला. ‘नाट्यकवितासंग्रहा’त जो निम्मा भाग आला नाही, त्याचे मिळतील तेवढे तुकडे तरी त्यातून हाती लागतील.