स्टुडबेकर
१२. ‘पुढून-मागून सारखीच गाडी’ असे लेखक म्हणतात, ते स्टुडबेकरचे 1947 चे कूपे मॉडेल. मागची काच बाजूंपर्यंत वळलेली. गाडी येतेय की जातेय तेच कळत नाही, ही अमेरिकेतली जुनी थट्टा. साउथ बेंड (इंडियाना) इथे 1852 मध्ये दोन भावांनी लोहाराची भट्टी पेटवली. घोडागाड्यांवर कंपनी मोठी झाली, मोटारी पुढच्या. मालकांना कौतुक असे ते ‘हिल होल्डर’चे : चढावर ब्रेकवरचा पाय काढला तरी क्लच दाबलेला असेतो गाडी मागे घसरत नसे. (घाटात अर्ध्या क्लचवर गाडी तोलणाऱ्यांना याचे मोल सांगायला नको.) काही मॉडेलांत स्टार्टरही क्लचच्या पेडलखालीच, नवखा माणूस बटण शोधत बसे. तक्रार असे ती पुढच्या मडगार्डांच्या गंजाची.

कंपनी ‘1963 मध्ये संपली’ हे मात्र अर्धेच खरे. त्या डिसेंबरात साउथ बेंडचा कारखाना मिटला आणि चाळिशी-पन्नाशीतल्या हजारो कामगारांच्या हाती पेन्शनच्या हक्काचे जेमतेम 15 टक्के पडले. 1974 च्या अमेरिकी पेन्शन कायद्यामागे ही जखम होती. कॅनडात हॅमिल्टनला मात्र मार्च 1966 पर्यंत स्टुडबेकर तयार होत होत्या. – संपा.