मैलकुलीचा रस्ता

आमच्या मुरबाड तालुक्यातल्या माणसाला ठाण्याचा टेंभी नाका दोन कारणांनी ठाऊक. एक, नवरात्रातली देवी. आनंद दिघ्यांनी १९७८ मध्ये तो उत्सव सुरू केला आणि गावागावांतून माणसं दर्शनाला जाऊ लागली. दुसरं कारण म्हणजे नाक्याजवळचं जिल्हा रुग्णालय. त्याला विठ्ठल सायन्नांचं नाव आहे, पण आमच्याकडे सगळे ‘सिव्हिल’च म्हणत. देवीला माणूस आपल्या पायांनी जाई, सिव्हिलला त्याला न्यावं लागे. आणि पावसाळ्यात आमच्या गावातून ज्यांना नेलं, त्यांत मोटारसायकलवरून पडलेलेच जास्त.

याचं मूळ रस्त्याच्या इतिहासात आहे. १९४३ च्या नागपूर योजनेनं देशातल्या रस्त्यांच्या प्रती लावल्या. राष्ट्रीय, राज्य, जिल्हा आणि शेवटी ग्रामीण. आमचा रस्ता शेवटच्या पंगतीतला. १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा आल्या, तसा तो त्यांच्याकडे गेला. पण रस्ता म्हणजे काय, तर बैलगाडीची चाकोरी. १९७२ च्या दुष्काळानंतर रोजगार हमीची कामं निघाली, १९७९ पासून त्यांना कायद्याचा आधार मिळाला. अशाच एका कामावर आमच्या रस्त्याचं सोलिंग झालं. माझी आई तिथे खडी फोडायला होती. सोलिंगवर मुरूम, मुरमावर खडी, खडीवर डांबर, असा क्रम कागदावर होता. प्रत्यक्षात एका थरानंतर दुसरा यायला पाच-सात पावसाळे जात.

बैलगाडीला त्याचं काही वाटत नव्हतं. एस.टी.लाही फार नाही. तिला चार कोपऱ्यांत चाकं. दोन चाकांच्या गाडीचं तसं नसतं. आमच्याकडे पहिली राजदूत आली ती दूधवाल्याची. मागे दोन्ही बाजूंना किटल्या. किटली अर्धी असली की वळणावर दूध हिंदकळे आणि गाडी भलतीकडेच ओढली जाई. १९८५ मध्ये हिरो होंडाची सी.डी. १०० बाजारात आली आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत मास्तर, ग्रामसेवक, कंपनीत पाळीला जाणारी पोरं, सगळ्यांकडे गाड्या झाल्या. रस्ता मात्र बैलगाडीचाच राहिला.

चिखलात गाडी कशी चालवायची, ते धाकट्या काकांनी मला शिकवलं. “पुढचा बिरेक इसरून जा. दुसरा गेर ठेव, रेस एकसारखी दे, आन् चाकोरीतून भाईर यायची घाई करू नको.” हे बोल लाखमोलाचे. पुढचं चाक ओल्या मातीवर अडलं की गाडी सावरायला वेळच मिळत नाही. चाकोरीची कड तिरपी चढायला गेलं तर चाक कडेला घासत राहतं आणि गाडी आडवी होते. आमची माती चिकट. ती चाक आणि मडगार्डच्या मध्ये इतकी भरते की चाक फिरतच नाही; म्हणून काका सीटखाली एक बांबूची चीप ठेवत. लावणीच्या दिवसांत आणखी एक भानगड. ट्रॅक्टर चिखलणी करून लोखंडी चाकांसकट रस्त्यावर येतो. ती चाकं डांबर ओरबाडतात आणि शेताचा राबडा मागे सांडत जातो. वर बारीक पाऊस पडला की साबण लावल्यासारखी घसरट. जोराच्या पावसात तो धुऊन तरी जातो. भुरभुरीतच माणूस पडतो.

काका स्वतः पडले ते मात्र चिखलात नव्हे, पाण्यात. मोरी तुंबली होती, पाणी रस्त्यावरून वाहत होतं, आणि खालची साईडपट्टी रात्रीत वाहून गेलेली. वरून सगळं सपाट दिसत होतं. मांडीचं हाड मोडलं. जीपमधून कल्याण, तिथून टेंभी नाका. काका चालू लागले, पण गाडी पुन्हा चालवली नाही. कंपनीतली पाळी सुटली आणि त्या घरातल्या थोरल्या पोराची शाळाही.

त्या मोरीवर पूर्वी मैलकुली असे. सरकारी बांधकाम खात्यात ही पद्धतच होती. मैलामैलाला माणूस नेमलेला, हातात फावडं, घमेलं आणि कोयता. मृगाआधी तो गटारं काढी, मोऱ्या मोकळ्या करी, साईडपट्टीवर मुरूम टाकी. पावसात फिरून तुंबलेलं पाणी वाटेला लावी. आमच्या रस्त्यावरचा मैलकुली म्हातारा होऊन निवृत्त झाला, त्याच्या जागी कोणी आलं नाही. पुढे कामं ठेक्यानं जाऊ लागली. ठेकेदार खड्डा पडल्यावर येतो. मैलकुली खड्डा पडू नये म्हणून फिरे. डांबराचा वैरी पाणी, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. पाणी साचलं की थर सुटतो, मग खड्डा, मग त्यातही पाणी, आणि ते खड्ड्याची खोली लपवतं.

२००० साली प्रधानमंत्री ग्रामसडक योजना आली, रस्ते खरोखर सुधारले. रस्ता गुळगुळीत झाला, गाड्या साठच्या वेगानं पळू लागल्या. पण तो तुटला की तुटलेल्या जागी माणूस साठनंच पोचतो. पूर्वी सगळा रस्ताच वाईट, म्हणून माणूस जपून असे.

चांगला रस्ता हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असं मुंबई उच्च न्यायालयानं २०१५ मध्ये सांगितलं. २०२५ च्या ऑक्टोबरात त्याच न्यायालयानं खड्ड्यामुळे जीव गेला तर घरच्यांना ६ लाख रुपये द्यायला सांगितले. बरं झालं. पण ते पैसे माणूस गेल्यावरचे. मोरीतला गाळ काढायला एक फावडं आणि अर्धा दिवस लागतो. आमच्या गावची पोरं आता दर मे महिन्यात तो काढतात. त्यांना पगार नाही, नेमणूक नाही. मैलकुली हा शब्दही त्यांनी ऐकलेला नाही, काम मात्र तेच करतात.