मंद आंचेवरचें जेवण

अमेरिकेंतील एखाद्या मध्यम स्थितींतल्या घरांत सकाळीं सात वाजतां पुढील प्रकार घडतो. गृहिणी तव्यावर अर्धा किलो खिमा तांबूस होईपर्यंत परतते, सुटलेली चरबी काढून टाकते, आणि चिरलेला कांदा, लसूण, गाजर व टोमॅटोचा रस यांसह तो खिमा चिनी मातीच्या एका जाड भांड्यांत घालते. हें भांडें ज्या आवरणांत बसविलेलें असतें, त्यांत विजेची तार गुंडाळलेली असते. कळ मंद आंचेवर फिरविली जाते, दाराला कुलूप लागतें, आणि घरांतील सर्व माणसें आपापल्या कामाला निघून जातात. दिवसभर त्या भांड्याकडे कोणी पाहत नाहीं. सायंकाळीं जें माणूस पहिल्यानें परत येतें, तें झांकण काढून आंत पास्त्याचे वाळलेले तुकडे टाकतें, आणि अर्ध्या तासानें चौघांचें पोटभर जेवण तयार होतें.

वरवर पाहतां हें जेवण घाईच्या युगाचें अपत्य वाटतें. तथापि त्या एका भांड्यांत तीन जुने इतिहास एकत्र शिजत असतात. वाळविलेल्या पिठाची सर्वांत जुनी ठळक हकीकत भूमध्य समुद्रांतील सिसिली बेटांतली आहे. बारीक केलेल्या मांसाचा रस्सा उत्तर इटलींतील बोलोन्याच्या परिसरांतला आहे. आणि राखणदारावांचून शिजणारें भांडें पूर्व युरोपांतील ज्यू वस्त्यांतून आलेलें आहे. या तिहींच्या मुळाशीं एकच प्रश्न दिसतो. चुलीपाशीं कोणी बसावें, आणि किती वेळ?

पास्त्याची कथा सांगतांना मार्को पोलोचें नांव हटकून घेतलें जातें. व्हेनिसचा हा प्रवासी १२९५ सालीं पूर्वेकडून परतला आणि येतांना चीनमधून शेवयांची विद्या घेऊन आला, अशी समजूत आहे. ती रम्य असली तरी खरी नाहीं. अमेरिकेंतील मॅकॅरोनीच्या धंद्याच्या एका मासिकानें १९२९ सालीं छापलेल्या गोष्टीमुळें ती विशेष पसरली. पोलो परतण्यापूर्वीं सोळा वर्षें, म्हणजे १२७९ सालीं, जिनोव्हा येथील एका लेख्यकारानें एका शिपायाच्या मालमत्तेची यादी केली, तींत भरून ठेवलेल्या मॅकॅरोनीची नोंद आहे. त्याच्याहि आधीं, ११५४ सालीं, सिसिलीचा राजा दुसरा रॉजर याच्या आश्रयास असलेल्या अल् इद्रीसी या अरब भूगोलज्ञानें आपला ग्रंथ पुरा केला. त्यांत पालेर्मोजवळच्या त्राबिया गांवाचें वर्णन आहे. तेथें 'इत्रिया' नांवाचा शेवयांसारखा पदार्थ विपुल तयार होई आणि तो जहाजें भरभरून कालाब्रियांत, तसाच मुसलमानी व ख्रिस्ती प्रदेशांत पाठविला जाई.

जहाजानें पाठविण्याजोगा तो झाला, याचें कारण त्याचें वाळणें. कठीण दाण्याच्या डुरम गव्हाचा रवा पाण्यांत मळून, त्याला आकार देऊन, वारा व ऊन यांवर नीट वाळविला, तर तो महिनेच्या महिने टिकतो. दख्खनमधला बन्सी गहू याच जातीचा. उन्हाळ्यांत बाजेवर शेवया वाळत घालणाऱ्या मराठी गृहिणीला यांतील मर्म कोणी समजावून द्यावें लागत नाहीं: चार दिवस कंबर मोडेपर्यंत राबावें, आणि मग पावसाळ्यांत अवेळीं पाहुणा आला तरी घटकाभरांत पानावर कांहीं वाढतां यावें. वाळलेला पास्ता म्हणजे असेच आधीं करून ठेवलेले श्रम होत.

दुसरा इतिहास रस्स्याचा. इटालियन भाषेंतील 'रागू' हा शब्द फ्रेंचमधून आलेला असून, मेलेली चव पुन्हा जागी करणें असा त्याच्या मूळ क्रियापदाचा अर्थ आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस बोलोन्याजवळील इमोला येथें कार्डिनल क्यारामोंती यांच्या पदरीं आल्बेर्तो आल्वीझी नांवाचा आचारी होता. हेच कार्डिनल पुढें १८०० सालीं सातवे पायस या नांवानें पोप झाले. आल्वीझीच्या टिपणांत मॅकॅरोनीवर घालावयाच्या रागूची कृति सांपडते. त्यानंतर शंभरेक वर्षांनीं, १८९१ सालीं, पेल्लेग्रीनो आर्तूसी या निवृत्त व्यापाऱ्यानें वयाच्या एकाहत्तराव्या वर्षीं स्वतःच्या खर्चानें पाकशास्त्रावरील आपला ग्रंथ फ्लॉरेन्स येथें प्रसिद्ध केला. पुढें तो इटलीच्या घराघरांत पोंचला. त्यांत बोलोन्याच्या पद्धतीची मॅकॅरोनी आहे.

आर्तूसीचीं प्रमाणें विचार करण्याजोगीं आहेत. अर्धा किलो किंवा त्याहूनहि थोड्या अधिक मॅकॅरोनीसाठीं तो वासराचें मांस घेतो अवघें १५० ग्रॅम. त्याबरोबर खारविलेलें डुकराचें मांस ५० ग्रॅम, लोणी ४० ग्रॅम, पाव कांदा, अर्धें गाजर, सेलरीचे दोन देंठ, चिमूटभर मैदा आणि थोडें मांसाचें सार. टोमॅटोचा मागमूसहि नाहीं. खाणाराचें पोट भरावयाचें तें गव्हानें. मांस केवळ त्याला चव आणण्यापुरतें. एवढ्याशा मांसाची चव एवढ्या मोठ्या परातभर अन्नाला पुरवावयाची, तर तें बारीक चिरणें आणि हळूहळू शिजविणें यांवांचून दुसरा मार्ग नव्हता.

हळूहळू शिजविण्याला शास्त्राचाहि आधार आहे. जनावराच्या ज्या स्नायूंना फार राबावें लागतें, त्यांत कोलॅजेन नांवाच्या द्रव्याचे चिवट तंतु पुष्कळ असतात. असें मांस स्वस्त मिळतें, पण मोठ्या आंचेवर तें आंखडून अधिकच चिवट होतें. तेंच पाण्यांत, सुमारें ७० अंश सेंटिग्रेडच्या वर परंतु खळखळत्या उकळीच्या खालीं, कांहीं तास राहिलें तर कोलॅजेन विरघळून त्याचें जिलेटिन बनतें आणि रस्स्याला दाट, स्निग्ध अंग येतें. १९८२ सालीं इटलीच्या पाकविद्या अकादमीनें बोलोन्याच्या व्यापारी मंडळाच्या दप्तरांत रागूची अधिकृत कृति नोंदवून ठेवली. तिच्यांत गाईच्या पोटाच्या पडद्याचें मांस, म्हणजे असाच एक राबणारा स्नायु, सांगितलेला होता. शिवाय थोडा टोमॅटो, पांढरी द्राक्षासव आणि दूध. त्या शहरांत हा रस्सा अंडें घालून लाटलेल्या चपट्या, रुंद पट्ट्यांबरोबर खातात. 'स्पॅगेटी बोलोनेझ' या नांवानें जो पदार्थ जगभर विकला जातो, तो खुद्द बोलोन्याचे लोक आपला मानीत नाहींत.

पदार्थाचें रूप बदललें तें समुद्र ओलांडल्यावर. १८८० ते १९२० या चाळीस वर्षांत सुमारें ४० लक्ष इटालियन लोक अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत गेले. त्यांतील बहुतेक दक्षिणेकडचे गरीब शेतकरी व मजूर होते. मायदेशीं सणासुदीलाच त्यांच्या पानावर मांस पडे. अमेरिकेंत मजुरी कष्टाचीच होती, पण मांस स्वस्त होतें. जुन्या देशांत जें चवीपुरतें घालीत, तें नव्या देशांत मूठभराचें शेरभर झालें, आणि दक्षिणेच्या आवडीप्रमाणें टोमॅटोहि भरपूर पडूं लागला. हाताच्या यंत्रानें खिमा करण्याची सोय तोंवर घरोघर झाली होती. १९२९ नंतरच्या मंदींत व पुढें दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत थोड्या खिम्यांत मॅकॅरोनी मिसळून मोठें कुटुंब जेवूं घालणें हा शहाणपणाचा मार्ग ठरला. इटालियन नसलेल्या घरांतहि तो पदार्थ रुळला. मात्र रस्सा दोन-तीन तास चुलीवर असे, आणि तोंवर कोणीतरी घरांत असावें लागे. तें कोणीतरी म्हणजे घरची बाई, हें वेगळें सांगावयास नको.

येथें तिसरा इतिहास येऊन मिळतो, आणि त्याचा एक धागा कोंकणच्या किनाऱ्यालाहि स्पर्श करतो. कुलाबा जिल्ह्यांत, म्हणजे आतांच्या रायगडांत, तेल गाळण्याचा धंदा करणाऱ्या बेने इस्रायल लोकांना शेजारी 'शनवार तेली' म्हणत, कारण शनिवारीं त्यांचा घाणा बंद असे. शनिवारच्या या विश्रांतिव्रताला, शब्बाथला, ज्यूधर्मांत फार मोठें स्थान आहे. शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारीं रात्र पडेपर्यंत विस्तव पेटविण्याची मनाई असते. पण व्रताच्या दिवशीं जेवण गरम असावें, ही इच्छाहि तितकीच जुनी. म्हणून शुक्रवारीं दिवस मावळण्यापूर्वींच कडधान्य, सातू, बटाटे आणि मिळाल्यास मांसाचा तुकडा एका भांड्यांत घालून तें मंद उष्णतेंत ठेवून देत. पूर्व युरोपांतले ज्यू या पदार्थाला 'चोलेंट' म्हणतात. गरिबाच्या घरीं रात्रभर पुरेल एवढें सरपण कोठून असणार? तेव्हां गल्लींतील सारीं भांडीं भटारखान्याच्या विझत आलेल्या भट्टींत ठेवण्यांत येत, आणि दुसऱ्या दिवशीं प्रार्थनेनंतर ज्याचें त्यानें आपलें भांडें घरीं न्यावें.

लिथुएनियांतील ही रीत आपल्या कुटुंबांतील वडीलधाऱ्या स्त्रीच्या तोंडून ऐकलेला एक मुलगा अमेरिकेंत वाढत होता. आयर्व्हिंग नाखुमझोन हें त्याचें नांव. पुढें त्यानें तें बदलून नॅक्सन असें केलें. हा यंत्रविद्येचा जाणकार होता. भट्टीची जागा विजेच्या तारेनें कां घेऊं नये, असें त्याच्या मनांत आलें. भांड्याच्या तळाखालीं जाळ न लावतां सभोंवार बेताची ऊब द्यावयाची, अशी त्याची रचना होती. १९३६ सालीं त्यानें एकाधिकारासाठीं अर्ज केला आणि १९४० च्या जानेवारींत तो मंजूर झाला.

राखणदाराविना स्वयंपाक करण्याचे प्रयत्न इतरांनींहि केले होते. १८६७ च्या पॅरिस प्रदर्शनांत नॉर्वेची एक पेटी मांडली होती; उकळतें भांडें तींत बंद केलें म्हणजे कोंडलेल्या उष्णतेवर अन्न आपोआप शिजे. बंगालमध्यें इंदुमाधव मल्लिक यांनीं १९१० सालीं इकमिक कुकर काढला, त्यांत तळच्या थोड्याशा कोळशावर एकावर एक ठेवलेल्या डब्यांतून वरण, भात, भाजी शिजत असे. नॅक्सनचें भांडें यांच्याच कुळांतलें. पण कित्येक वर्षें तें घेवडे शिजविण्याचें यंत्र म्हणूनच विकलें गेलें, आणि फारसें कोणाच्या नजरेंत भरलें नाहीं.

१९७० सालीं कॅन्सस सिटींतील रायव्हल कंपनीनें नॅक्सनचा धंदा विकत घेतला. तिच्या प्रयोगशाळेंतील स्वयंपाकतज्ज्ञ स्त्रियांनीं त्या भांड्यांत नाना प्रकारचे पदार्थ शिजवून पाहिले, तेव्हां घेवड्यापेक्षां मांसाला तें अधिक मानवतें असें आढळून आलें. १९७१ सालीं 'क्रॉक-पॉट' या नांवानें तें बाजारांत आलें. त्या वर्षीं २० लक्ष डॉलरांची विक्री झाली होती. १९७५ सालीं ती ९ कोटि ३० लक्ष डॉलरांवर गेली. काळ अनुकूल होता. १९७३ च्या तेलटंचाईनें इंधनाचा हिशेब प्रत्येक घराला करावयास लावला होता, आणि हें भांडें शंभर वॉटच्या दोन-तीन दिव्यांएवढ्याच विजेवर चाले. त्याहून मोठें कारण निराळें होतें. १९७० सालीं अमेरिकेंतील शंभर प्रौढ स्त्रियांपैकीं ४३ स्त्रिया अर्थार्जनाच्या कामांत होत्या. १९८० सालीं हा आंकडा ५१ च्या पुढें गेला. चुलीपाशीं बसणारें माणूसच घराबाहेर पडलें होतें.

अशा रीतीनें सिसिलीचा वाळलेला पास्ता, बोलोन्याचा रस्सा आणि लिथुएनियाची ऊब एका भांड्यांत आलीं. त्यांचें सहजीवन मात्र कांहीं नियम पाळूनच सुखाचें होतें. रसांत बुडालेल्या मांसाला पाण्याच्या उत्कलनबिंदूपलीकडची उष्णता मिळत नाहीं, आणि भाजल्याचा खमंगपणा तर त्याहून बऱ्याच वरच्या उष्णतेंत येतो. म्हणून खिमा आधीं तव्यावर परतावा लागतो. गोठलेलें मांस तसेंच भांड्यांत टाकणें धोक्याचें असतें. तें फार वेळ कोंबट राहतें आणि त्या अवस्थेंत रोगजंतु वाढतात. झांकण वारंवार उघडल्यास सांचलेली ऊब निघून जाते. आणि पास्ता? तो सकाळींच घातला तर सायंकाळीं त्याची खळ होते. तो शेवटच्या अर्ध्या तासांतच पडावा. वरणफळें करणारी गृहिणी डाळ शिजल्यानंतरच कणकेचे तुकडे आधणांत सोडते, तें याच कारणानें.

या शेवटच्या अर्ध्या तासांत या जेवणाच्या इतिहासाचें सार आहे. भांड्यानें दिवसभर राखण केली, तरी सकाळचें चिरणें-परतणें आणि सायंकाळचें उरलेलें काम कोणाला तरी करावें लागतेंच. आणि अनेक घरांत तें अद्याप एकाच व्यक्तीच्या वांट्याला येतें. चोलेंटच्या भांड्यानें बाईला आठवड्यांतून एक दिवस खरोखर विश्रांति दिली, कारण त्या दिवशीं साऱ्या घरानेंच काम टाकलेलें असे. विजेच्या भांड्यानें तिला दिवसाचे सहा-सात तास मोकळे करून दिले, पण ते तास नोकरीच्या हवालीं झाले. यंत्रानें आंच सांभाळली. श्रमाची वांटणी तें करूं शकलें नाहीं. ती घरांतील माणसांनींच करावयाची असते. सायंकाळीं झांकण उघडून पास्ता घालणारा हात ज्या घरांत रोज एकाच माणसाचा नसतो, त्या घरांत या भांड्याचें काम पुरें झालें असें म्हणतां येईल.