एक थैली, दोन खर्च : अंतराळ विभाग आणि संरक्षणाचा हिशेब

बंगळूरच्या उत्तर भागात न्यू बीईएल रस्त्यावर 'अंतरिक्ष भवन' आहे. केंद्र सरकारच्या अंतराळ विभागाचे आणि इस्रोचे हे मुख्यालय. रस्त्याच्या नावातली 'बीईएल' म्हणजे भारत इलेक्ट्रॉनिक्स, १९५४ साली स्थापन झालेला संरक्षण मंत्रालयाचा उपक्रम. एका संपूर्ण नागरी विभागाच्या पत्त्यातच संरक्षण खाते वसलेले असावे, हा केवळ योगायोग. परंतु गेल्या पन्नास वर्षांत या दोन खात्यांचे हिशेब एकमेकांत कसे मिसळले आणि आता ते कसे वेगळे होऊ लागले आहेत, हे पाहू लागलो की हा योगायोग अर्थपूर्ण वाटू लागतो.

प्रारंभ अणुऊर्जा विभागापासून झाला. १९६२ साली विक्रम साराभाईंच्या अध्यक्षतेखाली अंतराळ संशोधनाची राष्ट्रीय समिती नेमली गेली, ती याच विभागाच्या छत्राखाली. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी थुंबा येथून पहिले रॉकेट उडाले. १५ ऑगस्ट १९६९ रोजी इस्रो स्थापन झाली. ३० डिसेंबर १९७१ रोजी साराभाईंचे अकस्मात निधन झाले आणि या तरुण संस्थेचे पुढे काय, असा प्रश्न उभा राहिला.

इंदिरा गांधींनी सतीश धवन यांना बोलावले. धवन त्या वेळी भारतीय विज्ञान संस्थेचे संचालक होते. त्यांनी दोन अटी घातल्या : संस्थेचे संचालकपद आपण सोडणार नाही आणि अंतराळ कार्यक्रमाचे मुख्यालय बंगळुरात असावे. दोन्ही मान्य झाल्या. जून १९७२ मध्ये अंतराळ आयोग आणि अंतराळ विभाग अस्तित्वात आले. मराठी वाचकांनी एवढे ध्यानात ठेवावे की त्या वेळी देशाचे अर्थमंत्री यशवंतराव चव्हाण होते. १९६२ च्या पराभवानंतर संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीस गेलेल्या आणि संरक्षणाच्या पंचवार्षिक नियोजनाचा आरंभ पाहिलेल्या माणसाच्याच अर्थमंत्रिपदाच्या काळात हा नवा नागरी विभाग जन्मास आला.

या रचनेतील खरी कल्पकता प्रशासकीय होती. विभागाचा सचिव, आयोगाचा अध्यक्ष आणि इस्रोचा प्रमुख ही तिन्ही पदे एकाच व्यक्तीकडे देण्यात आली. शिवाय आयोगातच वित्त सदस्य बसविण्यात आला. सर्वसाधारण खात्यात प्रस्ताव तयार करणारा एकीकडे आणि त्यावर आक्षेप घेणारा दुसरीकडे असतो. नस्ती मधल्या जिन्यांवर थकून जाते. येथे आक्षेप घेणारा त्याच मेजाभोवती होता. संसदेने मंजूर केलेल्या रकमेच्या मर्यादेत बहुतेक निर्णय तेथेच होऊ शकत. दिल्लीपासून दूर राहूनही हा विभाग चालला, याचे श्रेय शास्त्रज्ञांइतकेच या व्यवस्थेलाही द्यावे लागेल. १९७५ साली पीण्याच्या औद्योगिक वसाहतीतील साध्या शेडमध्ये बांधलेला 'आर्यभट' अवकाशात गेला, तो या व्यवस्थेच्या तिसऱ्याच वर्षी.

या सर्व मांडणीत संरक्षणाचे नाव नव्हते, आणि ते हेतुपूर्वक नव्हते. अमेरिकेने १९५८ साली नासा ही नागरी संस्था काढली. पण त्याच वेळी लष्करी अवकाश कार्यक्रम वेगळा ठेवला, आणि १९६१ पासून हेर-उपग्रहांसाठी एक गुप्त कार्यालय चालविले, ज्याचे अस्तित्व १९९२ पर्यंत अधिकृतपणे मान्यही केले नव्हते. श्रीमंत देशाला दोन चुली परवडतात. आपल्याला एकच परवडत होती, आणि ती नागरी असणे हिताचे होते. परदेशी सहकार्य, सुटे भाग, प्रशिक्षण हे सारे त्या नागरी ओळखीवर मिळत होते. ती ओळखही अभेद्य नव्हती. मे १९९२ मध्ये क्रायोजेनिक इंजिनाच्या करारावरून अमेरिकेने इस्रोवर निर्बंध लादले. १९९८ च्या अणुचाचण्यांनंतर इस्रोच्या संस्था निर्यातबंदीच्या यादीत गेल्या आणि २०११ मध्ये बाहेर आल्या.

अमेरिकेच्या संशयाला आधार नव्हता असे नाही. अब्दुल कलाम १९८२ साली इस्रोतून संरक्षण संशोधन संस्थेत गेले. १९८३ साली एकात्मिक क्षेपणास्त्र कार्यक्रमास ३८८ कोटी रुपये मंजूर झाले. मे १९८९ मध्ये उडालेल्या 'अग्नी'चा पहिला टप्पा एसएलव्ही-३ च्या घन इंधनाच्या मोटारीवर आधारलेला होता. त्या वाहनाचे यशस्वी उड्डाण १८ जुलै १९८० चे. त्या वेळी विक्रम साराभाई अंतराळ केंद्राचे संचालक आपले वसंत गोवारीकर होते. माणसे आणि तंत्र एका खात्यातून दुसऱ्यात गेले. त्यांची किंमत मात्र कोणत्याही लेखाशीर्षावर आली नाही.

येथेच अर्थशास्त्राचा प्रश्न उभा राहतो. अंतराळ विभागाचा महसुली खर्च ३४०२ आणि भांडवली खर्च ५४०२ या प्रधान शीर्षांखाली नोंदला जातो. संरक्षण सेवांचा भांडवली खर्च ४०७६ खाली. एखादा उपग्रह पिकांचे छायाचित्र घेतो आणि सीमेचेही, तर त्याचा खर्च कोणत्या शीर्षावर टाकावा? संयुक्त खर्चाची वाटणी हा हिशेबशास्त्रातला जुनाच पेच आहे, आणि रेल्वेने तो एके काळी समंजसपणे सोडविला. सामरिक महत्त्वाच्या लोहमार्गांवरील तोटा रेल्वेने सोसायचा नाही, तो सरकारच्या सर्वसाधारण महसुलातून भरून द्यायचा, असा संकेत तेथे रुजला. मार्ग रेल्वेनेच चालवावा. पण तो देशरक्षणासाठी आहे, हे हिशेबाच्या वहीत दिसावे. अंतराळात असा संकेत कधी रुजला नाही.

त्याचा परिणाम कारगिलमध्ये दिसला. १९९५ च्या आयआरएस-१सी उपग्रहाची छायाचित्रे नागरी जगात उत्तम गणली जात. परंतु जवळपास सहा मीटरच्या तपशिलात डोंगरावरचा बंकर दिसत नाही. सुब्रह्मण्यम समितीने उच्च दर्जाच्या उपग्रह-छायाचित्रणाच्या स्वदेशी क्षमतेवर भर दिला आणि ऑक्टोबर २००१ मध्ये एक मीटर तपशिलाचा प्रायोगिक उपग्रह गेला. मुंबईवरील हल्ल्यानंतर एप्रिल २००९ मध्ये इस्रायली रडार असलेला रिसॅट-२ घाईने सोडावा लागला. दोन्ही वेळी आधी आघात आणि मग तरतूद. यात शास्त्रज्ञांचा दोष नाही. जे फुकट मिळते त्याची मागणी आगाऊ लिहून देण्याची सवय कोणत्याच खात्याला लागत नाही. गरज असणाऱ्याच्या अंदाजपत्रकात रक्कम नव्हती आणि रक्कम असणाऱ्याच्या कार्यसूचीत गरज नव्हती.

बदल हळूहळू झाला. २००८ साली एकात्मिक अंतराळ कक्ष निघाला. २०१३ मध्ये नौदलासाठी जीसॅट-७ आणि २०१८ मध्ये हवाई दलासाठी जीसॅट-७ए गेला. २७ मार्च २०१९ रोजी उपग्रहवेधी अस्त्राची चाचणी झाली आणि त्याच वर्षी संरक्षण अंतराळ यंत्रणा उभी राहिली, तीही बंगळुरातच. मला मात्र याहून महत्त्वाची वाटते ती २९ मार्च २०२३ ची एक कोरडी घटना. त्या दिवशी संरक्षण मंत्रालयाने लष्कराच्या जीसॅट-७बी साठी अंतराळ विभागाच्या न्यूस्पेस इंडिया कंपनीशी २,९६३ कोटी रुपयांचा करार केला. ग्राहक, पुरवठादार आणि किंमत, तिन्ही एका कागदावर आली. २०२४ च्या ऑक्टोबरात टेहळणीच्या ५२ उपग्रहांना सुमारे २६,९६८ कोटी रुपये मंजूर झाल्याचे वृत्त आले. त्यांतील ३१ खासगी कंपन्या बांधणार आहेत. २०२५-२६ साठी अंतराळ विभागाची संपूर्ण तरतूद सुमारे १३,४१६ कोटी होती, म्हणजे हा एकच कार्यक्रम तिच्या दुप्पट. जुन्या पद्धतीने हा भार नागरी थैलीवर टाकला असता तर हवामान, मासेमारी आणि विज्ञान यांचे उपग्रह रांगेत किती मागे गेले असते, याची कल्पना करावी. त्या वर्षीच्या ६.८१ लाख कोटींच्या संरक्षण तरतुदीत मात्र तो चार टक्क्यांच्या आसपास, आणि तोही अनेक वर्षांत विभागलेला.

दोन प्रश्न तरीही उरतात. उपग्रहाला चार-पाच वर्षे लागतात आणि मंजूर रक्कम ३१ मार्चला व्यपगत होते. २००४ च्या अंतरिम अंदाजपत्रकात २५,००० कोटींच्या अव्यपगत संरक्षण निधीची घोषणा झाली होती. ती प्रत्यक्षात उतरली नाही. दुसरा प्रश्न संसदेचा. गुप्तता तपशिलाची असावी, एकूण रकमेची नसावी. उपग्रह काय पाहतो हे नागरिकाला कळण्याचे कारण नाही. त्यासाठी कोणाच्या वाट्यातून किती गेले, हे कळण्याचा हक्क त्याला आहे.

शिवकाळातील किल्ल्यावर हवालदार, सबनीस आणि कारखानीस असे तीन अधिकारी असत. शिबंदी एकाकडे, हिशेब दुसऱ्याकडे, कोठार तिसऱ्याकडे. किल्ला एकच, पण कोणाचे काम कोणते याविषयी संशय नसे. आपल्या आकाशातल्या किल्ल्यांना कारखानीस पन्नास वर्षांपूर्वीच बंगळुरात लाभला आणि हवालदार २०१९ मध्ये आला. सबनिसाची वही मात्र अजून दोन खात्यांत अर्धी अर्धी लिहिली जात आहे.