सेलू दोन्ही हातांनी, मानवत डाव्याने

परभणी जिल्ह्यात नऊ तालुके आहेत. त्यांची नावे इनस्क्रिप्ट या सरकारी मानक कळफलकावर, दहा बोटांच्या शिस्तीने टंकित केली तर एक मजेदार गोष्ट लक्षात येते. ‘सेलू’ लिहिताना स उजव्या हाताचा, एकार डाव्याचा, ल पुन्हा उजव्याचा आणि ऊकार पुन्हा डाव्याचा. ‘पालम’चेही तसेच. ‘गंगाखेड’ला तर, ख ची शिफ्ट सोडली तर, सात कळा लागतात, आणि सातही कळा उजवा-डावा, उजवा-डावा अशा आळीपाळीने पडतात, एका हाताला लागोपाठ दोनदा राबावे लागत नाही. ‘मानवत’ मात्र बिघडते. म, काना, न आणि व ही चारही डाव्या हाताची, शेवटचा त तेवढा उजव्याचा. आणि खुद्द ‘परभणी’चे पहिले तीन वर्ण, प, र आणि भ, एकट्या उजव्या तर्जनीवर येतात. सेलू-पालमची सोय आणि मानवत-परभणीची गैरसोय यांपैकी कोणतीही अपघाताने झालेली नाही. मराठी कळफलकाच्या इतिहासात दोन हातांच्या वाटणीचा विचार गंभीरपणे एकदाच झाला, तोही अर्धाच राहिला, आणि उरलेला अर्धा भाग आज पुरा होऊ शकतो तो कुठल्याही कार्यालयात नव्हे, तर स्वतःचा कीबोर्ड स्वतः सोल्डरने डागून बनवणाऱ्या हौशी मंडळींच्या टेबलावर, असे माझे म्हणणे आहे.

ही मंडळी जे बनवतात तो कीबोर्ड मधोमध दुभागलेला असतो. दोन तुकडे, मध्ये एक केबल. प्रत्येक तुकडा ज्याच्या त्याच्या खांद्यासमोर ठेवायचा. कल्पना जुनी आहे. जर्मनीत क्लॉकेनबर्ग या अभ्यासकाने 1926 सालीच टंकलेखनयंत्राच्या कळा दोन गटांत तोडून तिरप्या लावाव्यात असे सुचवले होते, कारण सरळ ओळीत मांडलेल्या कळांसाठी मनगटे बाहेरच्या बाजूला मोडावी लागतात आणि तळहात पालथे दाबून धरावे लागतात. 1972 मध्ये क्रोमर या संशोधकाने हीच गोष्ट प्रयोगांतून तपासली. त्याच दशकात ब्रिटनमध्ये लिलियन माल्ट आणि स्टीफन हॉबडे यांनी माल्ट्रॉन बनवला, आणि 1994 मध्ये मायक्रोसॉफ्टचा ‘नॅचरल’ कीबोर्ड दुकानांत आला. पण बाजाराला सरळ पट्टीच स्वस्त पडते, म्हणून गेल्या दीड दशकात हे काम हौशी लोकांनी अंगावर घेतले. अर्गोडॉक्स, कॉर्न, लिली58 अशा नावांचे त्यांचे आराखडे सर्वांना खुले आहेत. सर्किट बोर्ड करून घ्यायचा, त्यावर डायोड आणि स्विच डागायचे, बहुतेकदा प्रत्येक अर्ध्यात एक छोटा मायक्रोकंट्रोलर बसवायचा आणि कोणत्या कळीने काय करायचे ते फर्मवेअरमध्ये आपणच लिहायचे. खरी मौज या शेवटच्या वाक्यात आहे, कारण मराठी लिहिणाऱ्याला ती मुभा त्याआधी कोणीच दिली नव्हती.

टंकलेखनयंत्राने तर ती देणे शक्यच नव्हते. अमेरिकेत शोल्सच्या यंत्रावरून रेमिंग्टन कंपनीने 1870 च्या दशकात जो सांगाडा रूढ केला, त्यात साडेचार डझनांपेक्षा कमी कळा आणि प्रत्येक कळीवर फार तर दोन खुणा. म्हणजे साऱ्या लिपीला नव्वदच्या आसपास जागा. खिळे जुळवणाऱ्या छापखान्यात देवनागरीच्या केसेसमध्ये शेकडो खण असत. तो सगळा पसारा या नव्वद जागांत कोंबायचा होता. त्यावर जी युक्ती निघाली ती यंत्राच्या दृष्टीने चोख होती. अक्षराचे तुकडे करा. भ, ण, श यांसारख्या अक्षरांचा अर्धा भाग एका कळीवर ठेवा आणि पूर्ण अक्षर हवे तर त्याला कान्याची उभी रेघ जोडा. पहिली वेलांटी डोळ्यांना आधी दिसते, म्हणून ती व्यंजनाआधी मारा. रफार वर दिसतो, म्हणून तो नंतर मारा. मराठी माणूस उच्चाराच्या क्रमाने विचार करतो आणि यंत्र त्याच्याकडून चित्राच्या क्रमाने काम करून घेते. सावरकरांनी अ ची बाराखडी सुचवली, 1953 च्या लखनौ परिषदेने पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे आणायचे ठरवले, ते यंत्रासाठी लिपीच वाकवण्याचे प्रयत्न होते. वेलांटीचा तो बदल काही वर्षांतच मागे घेतला गेला. लिपी वाकली नाही, तेव्हा टंकलेखकाची बोटे वाकली.

मराठवाड्यात ही बोटे उशिरा वाकली. सप्टेंबर 1948 पर्यंत परभणी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती आणि तिथल्या दफ्तराची भाषा उर्दू होती. घरात, शेतात आणि बाजारात मराठी असली, तरी सरकारी कागदावर तिला मान नव्हता, आणि ज्या भाषेत सरकारी कागद निघत नाही तिच्या यंत्राला कार्यालयात टेबल मिळत नाही. 1956 मध्ये जिल्हा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, 1960 मध्ये महाराष्ट्रात, आणि 1964 च्या राजभाषा अधिनियमाने मराठीला कायद्याचे पाठबळ मिळाले. म्हणजे परभणीच्या कारकुनाच्या हातात मराठी यंत्र आले तेव्हा त्यावरची मांडणी कधीच ठरून गेलेली होती. गोदरेजने 1955 पासून देशात यंत्रे बनवली हे खरे, पण त्यानेही मांडणीचा प्रश्न नव्याने उघडला नाही, आणि व्यापारी म्हणून तो उघडण्याचे त्याला काही कारणही नव्हते. तालुक्याच्या गावोगावी टायपिंग इन्स्टिट्यूट निघाल्या. मराठी तीसचे, म्हणजे मिनिटाला तीस शब्दांचे, प्रमाणपत्र, मग चाळीसचे, इंग्रजी चाळीसचे, आणि त्यावर लिपिक-टंकलेखकाच्या जागेसाठी अर्ज. कोरडवाहू शेतीच्या या टापूत घरातले एक पोर पगारावर लावण्याची ती सर्वांत स्वस्त वाट होती. म्हणून ज्यांनी ती मांडणी घोकली त्यांना हसण्यात अर्थ नाही. पण तिच्या टिकण्याचे कारण ती हाताला सोयीची होती हे नसून तिच्यावर नोकरी अवलंबून होती हे आहे, एवढे लक्षात ठेवले पाहिजे.

संगणक आला तेव्हा सांगाड्याची अडचण संपली. कळ दाबणे आणि अक्षर उमटणे यांच्यामध्ये आता प्रोग्राम होता; तुकडे जोडण्याचे काम त्याच्यावर सोपवता येत होते. कानपूरच्या आयआयटीत मोहन तांबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर काम केले, ते पुढे पुण्यात 1988 मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅकमध्ये आले. केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने 1986 मध्ये मान्य केलेली आणि 1991 च्या आयएस 13194 या मानकात घेतलेली इनस्क्रिप्ट मांडणी याच धाग्यातली. तिच्यामागचा विचार साधा आणि, माझ्या मते, सुंदर आहे. भारतीय लिप्यांत व्यंजन आणि स्वरचिन्ह यांची जोडी चालते. तेव्हा व्यंजने उजव्या हाताला द्या, स्वर आणि मात्रा डाव्याला. क आणि ख एकाच कळीवर, ग आणि घ एकाच, त आणि थ एकाच. महाप्राण हवा तर शिफ्ट. मात्रा आणि तिचा स्वरही एकाच कळीवर. अमेरिकेत ड्वोरॅकने 1936 च्या पेटंटात इंग्रजीचे स्वर डाव्या हाताच्या मधल्या ओळीत गोळा केले होते तेही याच हेतूने. त्याला प्रत्येक अक्षराची आकडेवारी मांडावी लागली; इथे वर्णमालेने ती वाटणी आधीच करून ठेवली होती. दुभागलेल्या कीबोर्डचा उजवा अर्धा व्यंजनांचा आणि डावा अर्धा स्वरांचा, अशी मांडणी आपल्याकडे सरकारी मानक म्हणून तयार होती. फक्त तिच्याखालची पट्टी कोणी कापली नव्हती.

आता तिच्या उणिवा. पहिली म्हणजे व्यंजनात मुरलेल्या अकाराला कळ नसते. ‘परभणी’त प, र, भ यांच्यामध्ये डाव्या हाताला काही कामच नाही, म्हणून तिन्ही उजव्या तर्जनीवर आदळतात. दुसरी, व्यंजने एका हातात मावली नाहीत. म, ण, न ही अनुनासिके अनुस्वाराच्या शेजारी, खालच्या ओळीत डावीकडे गेली आणि व त्यांच्या पलीकडे बसला. मानवतचे गाडे तिथेच अडते. तिसरी उणीव खास मराठीची आहे. ही मांडणी साऱ्या भारतीय लिप्यांना सामाईक ठेवायची होती, म्हणून कोणत्याही एका भाषेच्या सवयी तिने विचारात घेतल्या नाहीत. मराठीत ‘च्या’ वाक्यावाक्याला येतो. इनस्क्रिप्टवर च उजव्या करंगळीवर मधल्या ओळीत, हलन्त डाव्या मधल्या बोटावर, य पुन्हा उजव्या करंगळीवर पण खालच्या ओळीत, आणि काना पुन्हा डाव्या मधल्या बोटावर वरच्या ओळीत. हात आळीपाळीने चालतात हे खरे, पण प्रत्येक हाताचे एकच बोट वर-खाली धावते, आणि त्यातले एक सर्वांत दुबळे. ट, ज, ड ही सगळी त्याच करंगळीच्या वाट्याला आलेली. ळ शिफ्टमध्ये गेले; हिंदीला ते फारसे लागत नाही. मराठीला ते उठता-बसता लागते.

म्हणूनच जुन्या टंकलेखकांचा आक्षेप नुसता आळसाचा नव्हता. चाळीसच्या गतीने हात बसलेल्या माणसाला नवी मांडणी शिकवायची म्हणजे त्याचे काही महिन्यांचे काम बुडवायचे, आणि बदल्यात काय द्यायचे, तर करंगळीचे दुखणे. बाजाराने त्याची बाजू घेतली. श्रीलिपी, आकृती यांसारख्या पॅकेजांनी टंकलेखनयंत्राची मांडणी संगणकावर जशीच्या तशी चालवली, वर्तमानपत्रे आणि डीटीपीची दुकाने त्यांवर उभी राहिली, आणि युनिकोड आल्यावरही रेमिंग्टनचा वेश बदललेला अवतार सॉफ्टवेअरमधून मिळत राहिला. गोदरेजने 2009 मध्ये यंत्रांचे उत्पादन थांबवले. मांडणीने यंत्राचे मरण सहज पचवले. सवय हे भांडवल असते आणि ते कोणी फुकट सोडत नाही, हा युक्तिवाद मला पटतो. मात्र तो ज्याची बोटे बसली आहेत त्याच्यापुरता खरा आहे. ज्या मुलीने अजून एकही कळ दाबलेली नाही तिला, जोडकाम आता प्रोग्राम करत असताना, पहिली वेलांटी व्यंजनाआधी मारायला शिकवणे याला तो युक्तिवाद लागू पडत नाही.

इथे दुभागलेला कीबोर्ड बनवणाऱ्यांचे तंत्र उपयोगी पडते. त्यांच्या फर्मवेअरमधून निघतो तो कळीचा क्रमांक; त्याचे देवनागरीत रूपांतर संगणकातली इनस्क्रिप्टच करते. म्हणजे मानक मोडावे लागत नाही, मजकूर शुद्ध युनिकोडच राहतो, आणि तरीही य ची कळ करंगळीखालून काढून मजबूत बोटाखाली आणता येते. अंगठ्यांना या कीबोर्डवर तीन-तीन किंवा अधिक कळा असतात. साध्या पट्टीवर दोन्ही अंगठे मिळून एक स्पेसबार दाबतात, जी मानवी शरीराची निव्वळ उधळपट्टी आहे. हलन्त एका अंगठ्याला द्यावा, काना दुसऱ्याला. जोडाक्षरांची अर्धी ओढाताण तिथेच संपते. ‘च्या’साठी एकच कळ नेमली तरी कोणी अडवत नाही. पण आयता परदेशी आराखडा उचलून हे जमणार नाही. कॉर्नला एकूण 42 कळा असतात आणि इंग्रजीला त्या पुरतात. इनस्क्रिप्टचा ड मात्र इंग्रजी P च्या पलीकडच्या कंसाच्या कळीवर बसतो आणि ऋकार बरोबरच्या चिन्हावर, आणि या दोन्ही कळा कॉर्नच्या नेहमीच्या मांडणीत थेट हाताला येत नाहीत. वरची अंकांची ओळही नसल्याने शिफ्टने येणारे ज्ञ, त्र, क्ष, श्र हेही जातात. ते दुसऱ्या थरात, म्हणजे एक कळ दाबून धरल्यावर उघडणाऱ्या मांडणीत, न्यावे लागतील. किंवा 58 कळांचा मोठा आराखडा घेऊन त्यात ड ला हक्काची जागा द्यावी लागेल. त्र आणि क्ष थरात गेले तर चालेल, ड गेलेला चालणार नाही, असे मला वाटते; ‘गंगाखेड’ आणि ‘मराठवाडा’ लिहिताना दर वेळी थर उघडायचा कोणी?

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की आता मराठी मोबाइलवर अंगठ्याने किंवा बोलून लिहिली जाते, कीबोर्डची चिकित्सा कशाला? निरोपांपुरते ते खरे आहे. पण अर्ज, आदेश, निकालपत्र, प्रश्नपत्रिका, इतिवृत्त, वर्तमानपत्राची पाने हे सारे अजून कोणीतरी खुर्चीवर बसून दिवसभर बडवते, आणि तलाठ्याचा सातबारा संगणकावर आल्यापासून बडवणाऱ्यांत भरच पडली आहे. मनगटाची दुखणी त्यांना होतात, निरोप पाठवणाऱ्याला नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. असा कीबोर्ड काही हजारांत जातो, तो डागायला वेळ आणि कौशल्य लागते, परीक्षेच्या केंद्रावर तो नेता येत नाही, आणि शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला तो वापरता येत नाही. त्यामुळे तो परभणीच्या कार्यालयांत सर्रास दिसेल असा दावा करणे खोटे ठरेल, आणि माझा तो दावाही नाही. रेमिंग्टनची मांडणी यंत्र बनवणाऱ्यांनी ठरवली, इनस्क्रिप्ट दिल्लीच्या समितीने मान्य केली. दोन्ही वेळी मराठी टंकलेखकाच्या बोटांवर बेतून पाहण्याची सोय नव्हती, कारण एकदा मांडणी ठरली की ती बदलणे खर्चाचे काम होते. आज तो बदल फर्मवेअरची एक ओळ बदलून, त्याच संध्याकाळी, फुकट करता येतो आणि फसला तर परत फिरवता येतो. मराठीत ज्यांचे हात रोज राबतात त्यांनी य, ळ आणि हलन्त यांच्या जागा अशा रीतीने वापरून पाहिल्या, नोंदल्या आणि उघड मांडल्या, तर मराठीसाठी वेगळी इनस्क्रिप्ट मागताना मानक ठरवणाऱ्यांपुढे ठेवायला काहीतरी हातात असेल.